टाचेवरची फक्की

१

वांडा टीगच्या बुटांना फक्की लागली होती, आणि ती नको त्या जागी लागली होती.

ओपल लेडफर्डने बूट कागदी पिशवीतून काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले. तळवे स्वच्छ होते, चवडेही स्वच्छ. पण दोन्ही टाचांच्या मागच्या अंगाला, बुटाची उभी शिवण असते तिथे, पांढरा चुना ओला होऊन वाळला होता आणि खपलीसारखा धरून बसला होता. 

वांडा शनिवारी गेली. ऑर्लो क्रीकच्या सॉफ्टबॉल मैदानावर, पहिल्या बेसच्या बाजूला निवेदकाचं उंच मचाण आहे, त्याच्या जिन्याखाली ती सापडली. डोक्याच्या मागे मार होता. म्हातारी बाई, बदललेला गुडघा, झिजलेला लाकडी जिना. पाय घसरला, असं शेरीफच्या कचेरीने ठरवून टाकलं. तिला पुढेमागे कुणी नव्हतं, म्हणून अंत्यविधीवाल्यांनी तिच्या वस्तू तिच्या जुन्या मैत्रिणीच्या, ओपलच्या हाती दिल्या.

आता वांडा तरुणपणी पिचर होती, आणि चेंडू टाकणाऱ्या जमातीच्या खुळांना अंत नसतो. कुणी मोजे धूत नाही, कुणी सामन्याआधी आरशात बघत नाही. वांडाचं खूळ एकच, पण ते तिने जन्मभर पाळलं. मैदानावरच्या फक्कीच्या रेघेवर तिने कधी पाय दिला नाही. रेघ आली की टुणकन उडी. नव्या गुडघ्यानेही तशीच उडी. डॉक्टर ओरडला, तर म्हणाली की गुडघा तुमचा असेल, नशीब माझं आहे.

मग तिच्या टाचेला फक्की लागली कशी? आणि लागली तर तळव्याला का नाही? चालणाऱ्या माणसाच्या टाचेला मागून फक्की लागत नाही. आडव्या माणसाला काखेत धरून ओढत नेलं, तर लागते.

ओपलने शेरीफच्या कचेरीत डेप्युटी डीट्सला फोन केला. डीट्स फुटबॉलवाला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं, नाही असं नाही.

"मिस ओपल, मैदानात फिरणाऱ्या बाईच्या बुटाला फक्की नाही तर काय लोणी लागणार?"

"मागून, डीट्स. टाचेच्या मागून."

"बरं. सोमवारी तुमची बैठक आहे ना शाळेत? मी येऊन कोपऱ्यात कॉफी पीत बसतो. तेवढंच तुम्हाला बरं वाटेल."

तेवढ्यात ओपलची नात टेसा आत आली, हातात कंगवा घेऊन. टेसाची आई दवाखान्यात रात्रपाळीची नर्स, त्यामुळे पोर आजीकडेच वाढलेली. अकरावीत होती, आणि ऑर्लो क्रीकची पहिली पिचर.

"आजी, वेणी घालून दे ना."

ओपल सुखावली. किती वर्षांनी पोरगी वेणी मागत होती. सातवीपासून तिचे केस तिनेच बांधलेले, आजीचा हात म्हणे जुन्या वळणाचा.

"बस. आज कसं काय आजीला आठवलंस?"

टेसाचं लक्ष टेबलाकडे गेलं. "कुणाचे गं हे?"

"वांडाचे."

टेसाचा चेहरा पांढरा पडला. वेणी अर्धी सोडून ती उठली आणि आपल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. लहान वयाला मरण झेपत नाही, असं ओपल स्वतःशी म्हणाली. मग तिनेही उठून मागच्या दाराला कडी घातली. या घरात ती कडी कधी घातली गेली नव्हती, गंजलेली होती, दोनदा हात घसरला.

वांडाने ओपलला जे शेवटचं सांगितलं होतं ते एवढंच होतं: "सोमवारी मतदान झालं की बघ, अर्ध्या गावाला मी नकोशी होईन." ज्याला ती सर्वांत नकोशी होती तो माणूस आता ओपलसोबत एका टेबलाशी बसणार होता, आणि या खेपेला निकाल ओपलच्या मतावर होता.

२

भांडण होतं ते राज्याच्या शालेय अजिंक्यपदाचं. पुढच्या वर्षापासून ते कुठे भरवायचं आणि कसं खेळायचं.

ऑर्लो क्रीकमध्ये ते पिढ्यानपिढ्या होत आलं. दोन दिवसांत सगळे सामने, आणि दोनदा हरल्याशिवाय कुणी बाहेर नाही. बघायला मोठी मजा. सकाळी हरलेली शाळा दुपारी परत उभी राहते, संध्याकाळी पुन्हा खेळते. पण एकच चांगली पिचर असलेल्या शाळेत ती एकच पोरगी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी टाकत राहते. वांडाचं म्हणणं होतं की ही पोरींच्या खांद्यांची कत्तल आहे. तिला सामने शहरातल्या मोठ्या मैदानावर हवे होते, एका दिवसाला एकच, मध्ये विश्रांतीचा दिवस. एवढे दिवस एवढ्या शाळांना ठेवून घेणं ऑर्लो क्रीकला झेपणारं नव्हतं. म्हणजे गावाची जत्रा गेलीच म्हणायची.

समितीत चार मतं होती. अध्यक्ष वांडा, शालेय क्रीडा संघटनेच्या कचेरीतला लाइल ओस्टर, प्रशिक्षकांची प्रतिनिधी रँडी श्राग आणि निवृत्त अंपायर ओपल. लाइलला शहर हवं होतं, रँडीला गाव. रँडी तर ऑर्लो क्रीकचीच प्रशिक्षक, टेसाला तिनेच घडवलेलं. नात खेळते आणि आजी मत देते हे बरं दिसतं का, असं कुणी विचारलं की ओपल म्हणायची, ज्याचं कुणीच खेळत नाही असा माणूस हवा असेल तर तो परराज्यातून मागवा. खरं सांगायचं तर तिलाही गावच हवं होतं. टेसाचं शाळेतलं शेवटचं वर्ष, घरचं मैदान, पहिल्या रांगेत आजी. हे स्वप्न तिने कितीदा पाहिलं होतं.

सोमवारी बैठकीआधी ती मैदानावर गेली. आभाळ सकाळपासून कोंदलेलं होतं, वारा दक्षिणेकडून गरम येत होता आणि मधेच पडत होता. वारा पडला की तिला जास्त भीती वाटत होती, कारण छपरं उडवणारी वावटळ असल्या शांततेनंतरच उतरते.

मैदानाची राखण करणारा हार्लन अनरूह मचाणाच्या जिन्याशी नुसता उभा होता. वांडा पहिल्यांदा त्यालाच सापडली होती.

"हार्लन, शनिवारी तू कुठे होतास?"

"तूही विचारायला लागलीस?" त्याचे डोळे भरून आले. "सकाळी माती शिंपडून फक्की मारली. वांडा म्हणाली होती, मैदान मापायला येते, सगळं सामन्यासारखं आखून ठेव. मग पलीकडच्या सरावाच्या मैदानाला पाणी सोडलं आणि रस्त्यापलीकडे घरी गेलो, ट्रॅक्टरखाली शिरलो."

"आभाळ भरलेलं असताना पाणी?"

"आभाळाचा काय भरवसा? महिनाभर नुसतं भरून येतंय आणि जातंय. दर शनिवारी माझं ठरलेलं आहे, बाराचा भोंगा झाला की उठायचं आणि पाणी बंद करायचं. या शनिवारी विसरलो बघ. म्हातारा झालो. उठून आलो तोवर सरावाच्या मैदानाचं तळं झालं होतं. आणि इथे ही पडलेली. मग गाडी, माणसं, सगळी आखणी तुडवली गेली." त्याने नाक पुसलं. "डॉक्टर म्हणाला, पडल्यावर ती बराच वेळ जिवंत होती. बाराला आलो असतो, ओपल, तर ती वाचली असती. माझ्या विसराळूपणाने मारलं तिला."

ओपलने त्याचा हात धरला. तरी मनात एक कोपरा म्हणालाच, रडणारा माणूस खरंच बोलतो असं कुणी सांगितलं? या मैदानाची माती याने स्वतः चाळलेली. हे मैदान गेलं तर याच्याकडे राहतं काय?

शाळेच्या दाराशी लाइल ओस्टर गाडी लावत होता. इस्त्रीचा शर्ट, तोंडात पुदिन्याची गोळी.

"शनिवारी? शहरात होतो, घरी. गोल्फला जाणार होतो, पण सकाळपासून नुसता काळोख. सगळ्यांनी माघार घेतली. मेव्हण्याबरोबर दिवसभर टीव्ही. का हो, माझी उलटतपासणी?"

"वांडा तुमच्याच बाजूने मत देणार होती."

"तेच म्हणतो. मी कशाला माझंच मत कमी करू?" तो हसला. ते हसणं ओपलला आवडलं नाही, पण न आवडणं हा काही पुरावा नव्हे.

आत रँडी कॉफी ओतत होती. तिने ओपलला पाहिलं आणि दोन्ही हातांनी जवळ घेतलं. "मिस ओपल, किती थकल्यासारख्या दिसताय! झोपलात का काल? टेसाची काळजी करू नका, तिच्याकडे मी बघते." ओपलला बरं वाटलं. या खोलीत आपलं म्हणावं असं हे एकच माणूस, असं तिला वाटलं.

डीट्स ठरल्याप्रमाणे कोपऱ्यात बसला होता. हार्लन सर्वांत मागे टोपी कुरवाळत बसला. शाळा दुपारीच सोडून दिली होती. टेसा आईबरोबर दवाखान्यात होती, आणि तिथलं तळघर भक्कम होतं, एवढाच ओपलला धीर होता. खिडकीबाहेरचं आभाळ आता काळं नव्हतं, हिरवट झालं होतं. ओपलने पिशवीतून बूट काढून टेबलावर ठेवले.

"हे वांडाचे," ती म्हणाली. त्यापुढे एक शब्द बोलली नाही, फक्त चेहऱ्यांकडे बघत राहिली.

"मग?" लाइल म्हणाला. "बूटच आहेत ना?"

आणि भोंगा वाजला.

३

"चाचणी असेल," लाइल म्हणाला.

"आज सोमवार आहे. वावटळीच्या भोंग्याची चाचणी शनिवारी बाराला असते," डीट्स उठत म्हणाला, "आणि असल्या आभाळात तर शनिवारीसुद्धा करत नाहीत. लोकांना खरं वाटतं, घबराट होते. खाली चला, सगळे. चला!"

व्यायामशाळेखालच्या तळघरात सिमेंटचे बाक होते, एक पिवळा दिवा आणि एक लोखंडी दार. ओपलने बूट पिशवीत कोंबून छातीशी धरले आणि मांडीवर घेऊन बसली. डावीकडे रँडी, उजवीकडे लाइल, समोर हार्लन. डीट्स दाराशी, कानाला रेडिओ लावून. वर भोंगा रडत होता आणि त्याच्या खाली दुसरा एक आवाज सुरू झाला होता, दूरच्या दूर, जडसा.

"आलं की काय?" हार्लन पुटपुटला.

"वावटळ नैऋत्येला खाली उतरलीय," डीट्स म्हणाला. "इकडेच वळेल असं नाही."

ओपलला दोन भीतींनी एकदम घेरलं. वरून येणारी एक, आणि या बाकांवर बसलेली दुसरी. वरचीला निदान दार लावता येत होतं.

तेवढ्यात दिवा गेला.

काळोख असा की स्वतःचा हात दिसेना. वर काहीतरी मोठं आपटलं, छपरातून माती गळली, लाइल देवाचं नाव घेऊ लागला. कुणीतरी ओपलच्या अंगावरून ओणवं झालं. कुणाचा तरी खांदा तिच्या गुडघ्याला लागला. मांडीवरची पिशवी हलकी झाली, मग पुन्हा जड झाली. 

"कोण आहे?" ओपल ओरडली. 

डीट्सला विजेरी सापडली तेव्हा सगळे आपापल्या जागी होते. रँडी ओपलचा हात धरून बसली होती. ओपलने पिशवीत हात घातला. बूट होते. तिने ते उजेडात धरले.

दोन्ही टाचा ओल्या होत्या, आणि फक्की पुसलेली होती.

४

"डीट्स," ओपल म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, "दारासमोरून हलू नकोस."

"काय झालं?"

"कुणीतरी अंधारात या बुटांची टाच पुसली. फक्त टाच. पिण्याच्या पाण्याने पुसली असणार, प्रत्येकाजवळ बाटली आहे." तिने तिघांकडे पाहिलं. आता थांबणं जास्त वाईट होतं. "मी वर काहीच बोलले नव्हते. या बुटांचं गुपित टाचेत आहे हे ज्याला कळलं, त्यानेच ते पुसलं."

"मला तर अजून कळलेलं नाही," लाइल म्हणाला.

"खरं आहे. तुम्ही खुर्चीतले सॉफ्टबॉलवाले. तुम्ही 'बूटच आहेत ना' म्हणालात. तुम्ही पुसले असते तर अख्खे पुसले असते. वांडा रेघेवर पाय देत नव्हती, हे तुम्हाला कुठून माहीत असणार? हे मैदानातल्या माणसाला माहीत. म्हणजे हार्लनला किंवा रँडीला."

हार्लन उठून उभा राहिला. "ओपल, मी..."

"बस रे." तिने रँडीचा हात सोडला नाही, उलट घट्ट धरला. तिला खरंच उत्तर नको होतं. "रँडी, तू शनिवारी कुठे होतीस, हे मी तुला विचारलंच नाही. वाटलं, तुला काय विचारायचं?"

"मी डेप्युटींना सांगितलंय की." रँडी शांतपणे म्हणाली. "गावातल्या लाँड्रीत. संघाचे गणवेश धुवायचे होते. तिथे कुणी नसतं शनिवारी, हे माझं दुर्दैव. पण वेळ पक्की लक्षात आहे. कपडे वाळवायच्या यंत्रात टाकले आणि बाराचा भोंगा झाला. कानठळ्या बसल्या, भोंग्याचा खांब लाँड्रीच्या डोक्यावरच आहे ना."

"भोंगा झाला?"

"झाला म्हणजे? शनिवार होता. दर शनिवारी होतो."

वरचा आवाज किंचित लांबल्यासारखा वाटला. ओपल हार्लनकडे वळली.

"हार्लन, तू किती वर्षं भोंग्यावर पाणी बंद करतोस?"

"जेव्हापासून मैदान आहे तेव्हापासून."

"आणि एकदा तरी विसरलास?"

तो विचारात पडला. "नाही. हा एकच शनिवार."

"तू विसरला नाहीस, बाबा. भोंगा वाजलाच नाही. शनिवारी सकाळपासून आभाळ काळं होतं, लाइलचा गोल्फ त्यानेच बुडाला. असल्या आभाळात चाचणी करत नाहीत, हे मघाशी डीट्सने सांगितलं. मी शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे शहरात होते, म्हणून माझ्या ध्यानात आलं नाही. जे गावात होते त्यांच्याही आलं नाही, कारण शनिवारचा भोंगा आपण कुणी ऐकतच नाही, तो असणारच असं धरून चालतो. डीट्स, विचार कचेरीला."

डीट्सने रेडिओवर विचारलं. खरखर झाली आणि मग बाईचा आवाज आला, त्रासलेला: इथे वावटळ आलीय आणि तुम्हाला शनिवारचं पडलंय? रद्द केली होती चाचणी. ढग होते.

 ओपलच्या मुठीतला हात गार पडला होता.

"लाँड्रीत, खांबाखाली बसलेल्या माणसाला न वाजलेला भोंगा ऐकू आला," ओपल म्हणाली. "रँडी, मला सांग की मी चुकते आहे."

रँडीने हात ओढून घेतला आणि एका झेपेत ती दाराशी पोचली. डीट्सला तिने खांद्याने ढकललं, कडी अर्धी वर गेली, दार फटीएवढं उघडलं आणि तळघरात वारा असा घुसला की ओपलचा चष्मा उडाला. हार्लन आणि डीट्सने मिळून तिला मागे खेचलं. दार लागलं. ती जमिनीवर बसली आणि लहान मुलीसारखी गुडघ्यात डोकं घालून रडू लागली.

"मी मारायला गेले नव्हते," ती म्हणाली. "देवाशपथ. तिनेच मला मैदानावर बोलावलं होतं. तिसऱ्या बेसच्या बाजूला, खेळाडू बसतात त्या डगआउटच्या पायरीशी उभी होती. म्हणाली, टेसाचा खांदा गेलाय, तू दुखणं मारायची इंजेक्शनं देऊन तिला खेळवतेस. म्हणाली, सोमवारी समितीत सांगेन, आणि तिच्या आईला आजच सांगते. मी म्हटलं, एक वर्ष थांब. एकच. पोरीला खेळावर कॉलेज मिळेल, तिचं आयुष्य होईल. ती निघाली. मी दंड धरला, तिने झटकला, मी ढकललं. ती पायरीच्या सिमेंटवर पडली, डोक्यावर."

"आणि तू ओढत नेलंस तिला. पार मैदानापलीकडे, मचाणाखाली."

"जिन्यावरून पडली असं वाटावं म्हणून." रँडीने डोळे वर केले. "रेघ मी ओलांडली, मिस ओपल. दोन्ही रेघा. ओढतानासुद्धा माझा पाय पडला नाही त्यांच्यावर. सवयच ती. तिचे पाय मागून येतायत, हे ध्यानातच आलं नाही."

"ती जिवंत होती, रँडी."

"नव्हती! मी पाहिलं, ती..."

"बराच वेळ जिवंत होती. डॉक्टर म्हणाले."

रँडीच्या तोंडून जो आवाज निघाला तो ओपलला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत राहिला. हार्लन भिंतीकडे तोंड करून उभा होता. आपण विसरलो नव्हतो, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

ओपलला मात्र दुसरंच काही दिसत होतं. कंगवा हातात घेऊन आलेली पोर. ज्या पोरीला आजीचा हात जुन्या वळणाचा वाटायचा, तिने वेणी मागितली, कारण तिचा स्वतःचा हात डोक्यापर्यंत जात नव्हता. आणि आजी सुखावली होती.

५

वावटळ गावाला वळसा घालून गेली. दोन गोठे, एक छप्पर, माणूस कुणी नाही.

राहिलेल्या दोघांचं मतदान आठवड्याने झालं, आणि ते एकमताने झालं. सामने शहरात, दिवसाला एक. गावात काही लोक ओपलशी बोलेनासे झाले. हार्लन बोलायचा. तो म्हणाला, मैदान काही कुठे पळून जात नाही, शनिवारी लहान पोरी येतात तेवढ्या बस.

एकच गोष्ट ओपलला उलगडत नव्हती. टेसाने खांद्याचं आईला सांगितलं नव्हतं, आजीला नव्हतं, मैत्रिणींना नव्हतं. रँडी तर सांगणारच नाही. मग वांडाला कुणी सांगितलं?

तिने ते दुपारी जेवताना विचारलं, सहज विचारावं तसं. टेसा किती तरी वेळ ताटातले वाटाणे काट्याने इकडून तिकडे ढकलत राहिली.

"मी," ती म्हणाली. "शुक्रवारी फोन केला होता. खूप दुखत होतं."

"आणि मला का नाही गं सांगितलंस? मी या घरात असते. शेजारच्या खोलीत झोपते."

"तू नातेवाइकांना फोन करून सांगत होतीस, पुढच्या वर्षी सगळे या म्हणून. खोल्यासुद्धा धरून ठेवल्यास. तू इतकी खूश होतीस, आजी." टेसाने काटा खाली ठेवला. "मी फोन केला नसता तर वांडाबाईंनी रँडीबाईंना मैदानावर बोलावलंच नसतं. हो ना? मीच..."

ओपलने टेबलावरून हात पुढे केला आणि पोरीचं मनगट धरलं. तिला घाबरायला होत होतं, तळघरात झालं होतं त्याहूनही जास्त. पण खोटं बोलून या पोरीचं काही भलं होणार नव्हतं.

"तो फोन माझ्याकडे यायला हवा होता," ती म्हणाली. "आणि तो माझ्याकडे यावा असं मी तुला कधी वाटूच दिलं नाही. रँडीचं जे आहे ते रँडी भोगेल. उरलेलं माझं आहे. त्यातलं एवढंसं सुद्धा तुझं नाही. कळलं?"

टेसाने मान हलवली, पण तिला कळलं नव्हतं. ते कळायला तिला वर्षं लागणार होती, आणि तेवढी वर्षं रोज तेच सांगत राहायचं आहे हे ओपलला तिथेच उमगलं. ती उठली, दोघींची ताटं उचलली आणि खांद्याच्या डॉक्टरकडे जायला गाडी काढायला गेली.